वाचक विचारतात : बॅटमॅनकडे पैसे नाहीत, स्पायडरमॅनला दोन पोरं आहेत, मग वाचायचं काय?

मागच्या अंकात नव्या सुपरहिरो कॉमिक्सवर थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पेठांपासून पिंपळे सौदागरपर्यंत सगळीकडून प्रश्न आले. सगळे घेणं शक्य नाही म्हणून निवडक घेतोय. काहींनी नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं वगळली आहेत.

सिनेमे झाडून सगळे पाहिलेत पण कॉमिक एकही वाचलेलं नाही. बॅटमॅन १९३९ पासून चालू आहे म्हणे, मग एवढं मागचं कधी वाचून होणार? सुरुवात कुठून करू? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कोथरूड)

मागचं काही वाचू नकोस. सरळ अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन घे आणि पहिल्या अंकापासून सुरू कर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, लेखन स्कॉट स्नायडरचं आणि चित्रं निक ड्रॅगोटाची. डीसीने (बॅटमॅन-सुपरमॅन छापणारी अमेरिकन कंपनी) अ‍ॅब्सोल्यूट नावाची एक वेगळीच लाइन, म्हणजे मालिकांचा गट, काढली, आधी बॅटमॅन, वंडर वुमन आणि सुपरमॅन आले, मग २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये फ्लॅश, मार्शियन मॅनहंटर आणि ग्रीन लँटर्न. हे जगच वेगळं आहे त्यामुळे जुनं काही माहीत नसलं तरी अजिबात अडत नाही.

आता यात केलंय काय, तर ब्रूस वेनचे सगळे पैसे काढून घेतलेत. वाडा नाही, बटलर नाही, कंपनी नाही. त्याचे वडील शाळामास्तर आहेत, शाळेची सहल घेऊन झू मध्ये जातात आणि तिथल्या गोळीबारात मारले जातात. आई मात्र जिवंत आहे! मला विचारशील तर पैसे जाण्यापेक्षा हा बदल जास्त मोठा आहे, कारण रात्री मार खाऊन आलेल्या पोराला सकाळी आईसमोर उभं राहायचंय, आणि हे आधीच्या बॅटमॅनला कधी करावंच लागलं नव्हतं. तो स्वतः इंजिनीअर आहे, शहराच्या कामांवर असतो, त्यामुळे गॉथमच्या पोटात कुठे काय आहे ते त्याला कामामुळे ठाऊक आहे, तुला हा भाग विशेष आवडेल. आल्फ्रेड इथे ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि तो पाळत ठेवायला आलेला आहे, गोष्ट त्याच्याच तोंडून सुरू होते. आणि ज्यांना आपण सिनेमातून व्हिलन म्हणून ओळखतो ते ऑस्वाल्ड, हार्वी, एडी, वेलन, हे सगळे इथे ब्रूसचे लहानपणापासूनचे मित्र आहेत, एकत्र वाढलेले. आपल्याला पुढचं माहितीय आणि त्यांना नाहीये, त्यामुळे ते हसत-खिदळत बसलेत ती पानं वाचताना पोटात गोळा येतो.

छातीवरचं ते वटवाघळाचं चिन्ह बघशील. ते सुटं निघतं आणि त्याची कुऱ्हाड होते. महागडं यंत्र परवडत नाही म्हणून अंगावरच्या प्रत्येक गोष्टीचा हत्यार म्हणून विचार केलाय, आणि हे पानभर भाषण न देता एका चित्रात सांगून टाकलंय. मला लहानपणापासून बॅटमॅन आवडतो पण एक गोष्ट कायम टोचायची की हा अब्जाधीश माणूस रात्री जाऊन भुरट्या चोरांना बडवतो. आता तो त्याच गल्लीतला आहे ज्या गल्लीतून ते चोर आलेत, त्यामुळे मारामारीला वेगळाच अर्थ आलाय.

तक्रार एकच. रक्तपात जास्त आहे, पुढे बेन हा व्हिलन येतो तेव्हा तर फारच, आणि काही ठिकाणी तो गोष्टीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ चालतो असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही आत्ता चालू असलेल्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये हे माझ्या मते एक नंबर आहे.

माझा मुलगा १० वर्षांचा आहे, सेमी-इंग्लिशला. मित्राकडे अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन पाहून आला आणि हट्ट धरून बसलाय. देऊ का? (एक आई, सिंहगड रोड)

नका देऊ ताई, अजून पाच-सहा वर्षं तरी नको. बॅटमॅन म्हटलं की लहान मुलांचं असं आपल्याकडे अजूनही धरून चालतात, आणि दुकानातही ते पुस्तक मुलांच्या कपाटात लावलेलं मी पाहिलंय, पण ते मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे.

त्याला सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन आणून द्या. लेखक जीन लुएन यांग, चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची. १९४६ साली अमेरिकेत रेडिओवर सुपरमॅनची एक मालिका लागायची, त्यातल्या एका गोष्टीवर हे बेतलंय. एक चिनी कुटुंब नव्या वस्तीत राहायला येतं आणि तिथले काही लोक त्यांना तिथून हुसकावायला बघतात. त्यातली रॉबर्टा नावाची मुलगी बुजरी आहे, नव्या शाळेत नव्या मुलांत तिचं काय होतं ते फार हळुवारपणे आलंय. सुपरमॅन यात अजून उडायलाही शिकलेला नाही, पळतो आणि उड्या मारतो. इंग्रजी सोपं आहे, अडलं तर तुम्ही शेजारी बसा, तुम्हालाही आवडेल बघा.

अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅनमध्ये त्याला कामगारांचा कैवारी केलाय. कॉमिक्समध्ये राजकारण कशाला आणतात हे लोक? आमच्या वेळचा सुपरमॅन बरा होता. (बँकेतून निवृत्त, बिबवेवाडी)

काका, तुमच्याशी मी इथे अजिबात सहमत नाही आणि कारण सांगतो. सुपरमॅन आला १९३८ च्या जूनच्या अंकात, अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुण पोरांनी तो केला, दोघंही परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले, आणि काळ मंदीचा. तिसऱ्याच अंकात काय आहे माहितीय? एका खाणीत अपघात होतो, कामगार अडकतात, आणि खाणमालकाने सुरक्षेवर खर्च केलेला नसतो. सुपरमॅन खाणकामगाराच्या वेषात जातो आणि मालकाची पार्टी चालू असते ती अख्खी पार्टीच खाणीत नेऊन तिथे अडकवून ठेवतो, म्हणजे त्यांना कळावं की आत अडकणं काय असतं. सगळा अंक हाच आहे! परग्रहावरचा राक्षस नाही, लेक्स लूथर नाही, काही नाही.

तर जेसन आरन आणि राफा सँडोव्हाल यांनी नोव्हेंबर २०२४ पासून जे चालवलंय ते नवीन खूळ नाहीये, सुपरमॅन जिथून निघाला तिथेच ते परत गेलेत. त्यांच्या क्रिप्टनवर, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहावर, माणसांचे वर्ग आहेत आणि त्याचं एल कुटुंब सगळ्यात खालच्या, कष्टकऱ्यांच्या वर्गातलं आहे. काल एल, म्हणजे सुपरमॅनच, तिथे बऱ्यापैकी मोठा होईपर्यंत राहिलाय, त्यामुळे आपलं जग बुडताना त्याने डोळ्यांनी पाहिलंय आणि ते त्याला आठवतं. पृथ्वीवर आल्यावर त्याला एरवी सांभाळणाऱ्या केंट नवरा-बायकोचं उबदार घर तसं मिळतच नाही, तो भटकत राहतो आणि लॅझरस नावाच्या कंपनीच्या खाणीत राबणाऱ्या माणसांच्या बाजूने उभा राहतो. माझी या कॉमिकबद्दल तक्रार आहे ती दुसरीच आहे, मधले काही अंक खूप मागे-पुढे उड्या मारतात, क्रिप्टन-पृथ्वी-क्रिप्टन असं, आणि महिन्याने पुढचा अंक वाचताना धागा हातातून सुटतो. एकत्र पुस्तकात वाचलं तर तो त्रास कमी होतो. काका, तुम्ही तो १९३८ चा तिसरा अंक एकदा शोधून वाचा आणि मग मला पुन्हा लिहा, मी नक्की छापेन.

मार्वल की डीसी? एका शब्दात सांगा. (कॉलेज ग्रुप, वाडिया)

सध्या डीसी. पण एकमेकांशी भांडू नका, मार्वल (स्पायडरमॅनवाली कंपनी) आणि डीसी स्वतःच परत एकत्र आलेत! २००३-०४ मध्ये दोघांचं मिळून जेएलए-अ‍ॅव्हेंजर्स झालं आणि त्यानंतर थेट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये डेडपूल-बॅटमॅन आलं, मग नोव्हेंबरमध्ये डीसीकडून बॅटमॅन-डेडपूल, ग्रँट मॉरिसनचं लेखन आणि डॅन मोराची चित्रं. दुसरं जास्त भन्नाट आहे.

मी इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठा झालो. वेताळ, मँड्रेक, बहादूर. नातवाने हल्लीची कॉमिक्स दाखवली, सगळी अंधारी आणि आरडाओरड्याची वाटली. माझ्यासारख्याने वाचावं असं काही आहे का? (सदाशिव पेठेतले एक आजोबा)

आजोबा, तुमचं पत्र वाचून फार छान वाटलं. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं आणि वेताळ मराठीत घरोघरी पोचला, माझ्या आधीच्या पिढीतल्या ज्याला विचारावं तो त्या कवटीच्या अंगठीबद्दल बोलतो. आणि तुम्हाला मी नेमकं वेताळावरूनच सांगू शकतो की तुम्ही काय वाचावं.

ली फॉकने वेताळ १९३६ मध्ये सुरू केला आणि १९७७ साली त्याचं डायनाशी लग्न लावून दिलं, पुढे जुळी मुलं झाली. लग्न झालं म्हणून वेताळाचं काही बिघडलं नाही, उलट बापाकडून मुलाकडे जाणारा वारसा हा त्या गोष्टीचा कणाच आहे. स्पायडरमॅनच्या बाबतीत मात्र उलटं झालं. १९८७ मध्ये पीटर आणि मेरी जेनचं लग्न झालं, वीस वर्षं संसार चालला, आणि मग २००७ मध्ये मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून ते लग्न झालंच नव्हतं असं करून टाकलं. का, तर लग्न झालेला हिरो म्हातारा वाटतो म्हणून! हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही, वाचकाने वीस वर्षं ज्यांच्यावर जीव लावला ते असं पुसून टाकणं बरोबर नाही.

म्हणून जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांचं नवीन अल्टिमेट स्पायडरमॅन आलं तेव्हा मला इतका आनंद झाला. यातला पीटर पस्तिशीतला आहे. बायको मेरी जेन, दोन मुलं, रिचर्ड आणि मे. पेपरात नोकरी. त्याला कोळी चावायलाच हवा होता पण कोणीतरी मुद्दाम ते होऊ दिलं नाही, आणि आता या वयात त्याच्यासमोर पर्याय येतो की घे ही शक्ती, हवी असेल तर. बेनकाका इथे जिवंत आहेत आणि मे काकू गेलेल्या आहेत. हे म्हातारे बेनकाका आणि तो खडूस संपादक जेमसन पेपरच्या मालकाशी पटत नाही म्हणून नोकरी सोडून स्वतःचं वर्तमानपत्र काढतात, आणि मला स्पायडरमॅनच्या मारामारीपेक्षा या दोघांचे संवाद वाचायची जास्त ओढ लागायची.

चौथा अंक तुम्ही नक्की वाचा. अख्खा अंक म्हणजे एक जेवण आहे. पीटर-मेरी जेन आणि हॅरी-ग्वेन (हा हॅरीच ग्रीन गॉब्लिन), दोन जोडपी हॉटेलात जेवायला बसलेत, बस. एका टेबलावर स्पायडरमॅन आणि ग्रीन गॉब्लिन समोरासमोर बसून वाढलेलं खातायत, बायका बोलतायत, कामाच्या गोष्टी निघतायत, मुलांच्या निघतायत, आणि कोणाला किती ठाऊक आहे हे आपण त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहतो. एक ठोसा नाही, एक उडी नाही, आणि तरी अंक खाली ठेवता येत नाही. अंधार नाही, आरडाओरडा तर नाहीच नाही.

अजून एक, या कॉमिकमध्ये काळ खरा चालतो. दर महिन्याला अंक यायचा आणि गोष्टीतही महिना पुढे सरकलेला असायचा, मधल्या दिवसांत काय झालं ते आपण समजून घ्यायचं. काहींना ते आवडलं नाही, महत्त्वाचं काही तरी दोन अंकांच्या मध्ये घडून जातं म्हणून, आणि उत्तरार्धात मलाही एक-दोनदा तसं वाटलं. पण मुलं वाढताना दिसतात त्याची मजा त्याहून मोठी आहे. मार्वलने ही सगळी अल्टिमेट लाइन, म्हणजे याच वेगळ्या जगातल्या सगळ्या मालिका, २०२६ मध्ये संपवायचं जाहीर केलं तेव्हा बरेच जण हळहळले, मला मात्र ते योग्य वाटलं, कारण पहिल्यापासून त्या जगात दोन वर्षांची घंटा लावलेली होती आणि ती वाजणारच होती.

मी आर्ट कॉलेजला आहे. कॉमिक्सबद्दल सगळे फक्त स्टोरी-स्टोरी करतात. चित्रांसाठी म्हणून काय बघू? (विद्यार्थिनी, टिळक रोड)

वा, हाच प्रश्न हवा होता! आपल्याकडे अमक्या लेखकाचं कॉमिक असंच म्हणायची सवय लागलीय आणि चित्रकाराचं नाव शेवटी कुठेतरी येतं, रंग देणारा आणि अक्षरं काढणारा तर कोणाच्या गावीच नसतो. मीही वर लेखकांचीच नावं आधी घेतलीत कारण मुखपृष्ठावर तशीच येतात, पण सुपरहिरो कॉमिकमध्ये अर्धी गोष्ट चित्रकारच सांगत असतो, कधीकधी अर्ध्याहून जास्त.

सगळ्यात आधी अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर बघ. लेखन डेनिझ कॅम्पचं, चित्रं आणि रंग दोन्ही हावियर रॉड्रिगेझचे. एक एफबीआय एजंट स्फोटातून वाचतो आणि त्यानंतर त्याला लोकांचे विचार दिसायला लागतात, ऐकू येत नाहीत, दिसतात. आता विचार दिसतो म्हणजे काय काढणार? रॉड्रिगेझने रंगीत धूर काढलाय, माणसांच्या डोक्यातून निघणारा, वळसे घेणारा, आणि त्या धुरात आकार. साध्या, घरातल्या दृश्यात रंग दबके आहेत आणि तो धूर आला की पान एकदम पेटतं, आणि मग चौकटींच्या रेघाही वाकायला लागतात. आधी सहाच अंकांचं ठरलं होतं, लोकांनी एवढं डोक्यावर घेतलं की बारा केले. कॉपी करायला बसलीस तर आधी रंग बाजूला ठेवून नुसत्या रेषेत काढून बघ, रंगावर किती भार टाकलाय ते तेव्हा कळेल.

मग नाइटविंगचा (बॅटमॅनचा जुना साथीदार) ८७ वा अंक, २०२१ च्या शेवटी आलेला, ब्रूनो रेडोंडोचा. सगळी पानं शेजारी-शेजारी लावली तर एकच सलग लांबलचक चित्र होतं. नाइटविंगचा कुत्रा पळवलाय आणि तो त्याच्यामागे शहरभर धावतोय, डावीकडून उजवीकडे, छपरावरून, जिन्यावरून, आणि एकाच चित्रात तो दहा-दहा वेळा दिसतो. आपल्याकडे चित्रकथीच्या पोथ्या होत्या, पट होते, त्यामुळे सलग चित्रात गोष्ट सांगणं आपल्याला परकं नाही, म्हणून मला वाटतं इथल्या कला शिकणाऱ्या प्रत्येकाने हा अंक पाहावा.

आणि ड्रॅगोटाच्या बॅटमॅनमध्ये चौकटींचे आकार बघ. छोट्या-छोट्या चौकटींनी पान गच्च भरतो, श्वास घ्यायला जागा ठेवत नाही, आणि पान उलटलं की एकच प्रचंड चित्र, त्यात तो बॅटमॅन एखाद्या भिंतीसारखा उभा. रंग फ्रँक मार्टिनचे, अक्षरं क्लेटन काउल्सची, नावं लक्षात ठेव. अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमनमध्ये हेडन शर्मनची चौकटींची मांडणी आणि जॉर्डी बेलेअरचे रंग. ती डायना, म्हणजे वंडर वुमन, नरकात वाढलेली आहे, सर्सी चेटकिणीने वाढवलीय, हातात स्वतःहून मोठी तलवार आणि खाली हाडांचा उडता घोडा, आणि एवढं असून चेहरा मायाळू. तो चेहरा मायाळू ठेवणं किती अवघड आहे ते तू चित्रकार म्हणून समजशील. या कॉमिकला २०२५ चं सर्वोत्तम नव्या मालिकेचं आयझनर, म्हणजे कॉमिक्समधलं मोठं पारितोषिक, मिळालं, आणि ते पूर्ण हक्काचं होतं.

मोठमोठे इव्हेंट (एकच गोष्ट बऱ्याच मालिकांत पसरलेली) येतात ते वाचायचेच का? (नोकरदार, हिंजवडी)

नाही. आपल्याला आवडणारी एक-दोन मालिका धरायच्या, लेखक-चित्रकारांची नावं बघून धरायच्या, आणि इव्हेंट त्यांच्या मध्ये आला तर तेवढे दोन अंक सोडून द्यायचे. तीस-चाळीस अंकांत पसरलेला इव्हेंट पूर्ण वाचण्याइतका वेळ नोकरी करणाऱ्या माणसाकडे नसतो आणि बहुतेक वेळा तेवढा ऐवजही त्यात नसतो.

हे सगळं पुण्यात मिळतं कुठे? आणि परवडतं का? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

सुटे अंक पुण्यात नियमित मिळणं अवघड आहे, त्यांच्यामागे लागू नका. एका अंकाची छापील किंमतच पाच डॉलरच्या घरात असते, वर ते इथे येईपर्यंतचा खर्च. सहा-सात अंकांचं एकत्र पुस्तक येतं त्याला ट्रेड म्हणतात, ते घ्या. अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅनचे पहिले सहा अंक द झू या नावाने पुस्तकात आलेत. अप्पा बळवंत चौकात किंवा डेक्कनला तुमच्या नेहमीच्या पुस्तकवाल्याला पुस्तकाचं नाव आणि आयएसबीएन नंबर लिहून द्या, नुसतं बॅटमॅन म्हणालात तर तो मुलांचं रंगवायचं पुस्तक काढून देईल. मागवायला वेळ लागतो पण बरेच जण मागवून देतात.

पैशाचं बघायचं असेल तर डीसीने २०२४ पासून कॉम्पॅक्ट कॉमिक्स काढलीत, कादंबरीच्या आकाराची, किंमत दहा डॉलरच्या आत. त्यात वॉचमेन आहे, ऑल-स्टार सुपरमॅन आहे, बॅटमॅनची कोर्ट ऑफ आउल्स आहे. चित्रं लहान होतात हे खरं, आर्ट कॉलेजवालीने मोठ्या आकारातलंच घ्यावं, पण वाचायला बाकीच्यांना काही अडचण नाही. मार्वलसाठी मार्वल अनलिमिटेड हे अ‍ॅप आहे, नवीन अंक तिथे साधारण तीन महिन्यांनी येतात, आणि आजोबांना अल्टिमेट स्पायडरमॅन वाचायला नातवाचा टॅब्लेट पुरेल, अक्षर मोठं करता येतं.

स्कॅन केलेल्या फायली ग्रुपवर फिरतात त्या कृपया घेऊ नका आणि पाठवू नका, खपावरच मालिका चालते किंवा बंद पडते.

एफसी रोडच्या फुटपाथवर आणि रद्दीच्या दुकानांत जुने अंक अजून सापडतात, नव्वदीच्या शेवटापासून गोथम कॉमिक्सने भारतात छापलेले स्पायडरमॅन-बॅटमॅनचे स्वस्त अंक तर बऱ्याचदा. बघताना मधली दोन पानं उलटून पिना गंजल्यात का ते बघा, गंजलेल्या असतील तर कागद तिथूनच फाटतो. आणि डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो तिथे इंग्रजी पुस्तकांचे जे सवलतीचे ढीग असतात त्यात तळाशी हात घाला, पहिल्या दोन दिवसांतच जा, शनिवार-रविवारनंतर काही उरत नाही.